आहेराच्या कापडाचा झगा

माझ्या बाबांकडं एक काळा कोट होता. जादूगाराचा कोट म्हणून तो अर्ध्या वसमतला ठाऊक होता, पण मुळात तो बँडवाल्याचा. एका बँडपार्टीनं नवे कपडे शिवले आणि जुने कोट विकायला काढले, त्यातला एक बाबांनी उचलला. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं. मायनं आतून ठिकठिकाणी कप्पे शिवून दिले आणि तो जादूगाराचा झाला. तरी लग्नाच्या मांडवात कोणी ना कोणी विचारायचंच, की मास्तर, बाजा कुठं ठेवला? बाबा हसायचे. ते एस्टीत कंडक्टर होते. असल्या बोलण्याचा राग धरला असता तर ती नोकरी त्यांच्यानं झालीच नसती.

हातचलाखी त्यांना नोकरीनंच शिकवली असं ते म्हणायचे. एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात पंच, बोटांच्या बेचक्यात दुमडलेल्या नोटा, आणि गाडी खड्ड्यातून चाललेली. अशी बोटं तयार झाली की नाणं गायब करणं काय अवघड? सुटीच्या दिवशी ते शाळांत, जयंतीला, कधी लग्नात खेळ करायचे. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं असायचं: "ही जादू न्हाई, हातचलाखी हाय. चमत्कार कोणी करीत न्हाई. जे आधी ठिवलं, तेच निघतं." माय म्हणायची, आधीच सगळं सांगून टाकलं तर लोक बघतील कशाला? पण लोक बघायचे, आणि सांगूनसुद्धा फसायचे.

लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर असायची. गुलाबी झालरीचा फ्रॉक घालून रुमाल आणून द्यायचा, पेटी उचलायची, शेवटी वाकून नमस्कार करायचा. घरात मी एकटीच लेकरू, त्यामुळं दुसरं कोणी वाटेकरी नव्हतं. फ्रॉक आखूड झाला की माय खाली नवी झालर जोडायची. पण मी दहावीत गेले आणि झालर जोडून भागेना. काय झालं होतं ते सगळ्यांना दिसत होतं, बोलत मात्र कोणी नव्हतं.

बोलला तो थोरला मामा. माझ्या मायचं माहेर आखाडा बाळापूर, आणि तिथं थोरल्या मामाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. परीक्षेच्या आधी तो घरी आला, चहा पिला, आणि जाता जाता सांगून गेला, की पोरगी आता मोठी झाली, हे खेळबीळ बंद करा, उद्या सोयरिकीला अडचण येईल. मायनं मान हलवली. बाबांनी हलवली नाही. उलट परीक्षा संपली त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की बाळापूरच्या जयंतीचा खेळ यंदा सगळा पोरगी करणार. आतापर्यंत तिनं पेटी उचलली, आता पेटी उघडायची.

मी तर हवेतच. बाळापूर म्हणजे मायचं माहेर हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी ते गाव निवडलं असणार. मामाला तोंडानं उत्तर देणं जावयाला शोभलं नसतं.

माय तेव्हा मशीनवर होती. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचे झंपर तीच शिवायची. तिनं पाय थांबवले आणि म्हणाली, "खेळ करू द्या. पण बाळापुरात एका बाईनं जरी कपड्याला नाव ठिवलं, तर पेटी तिथंच बंद. मंग मला बोल लावू नका."

बाबा म्हणाले, कबूल. मीही म्हणाले. म्हणजे सगळं येऊन थांबलं ते कपड्यावर. माझ्या हाताला कोणी नाव ठेवणार नाही एवढी खात्री मला होती. पंधरा-सोळाव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल जेवढी खात्री असते तेवढी पुढं कधी राहत नाही.

मला काय घालायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. नांदेडला एका मोठ्या जादूगाराचा खेळ आम्ही तिघांनी पाहिला होता. त्यातल्या बायका नखशिखांत चमचमत होत्या. हात हलवला की उजेड सांडायचा. तसलं काहीतरी, पण जरा लांब, असं मी मायला सांगून पाहिलं. ती रागावली नाही. दातांनी दोरा तोडत म्हणाली, "ती चमकी घालून नुसती उभी व्हती. जादू त्यो करून राहिला व्हता. तुला उभं राह्यचंय का जादू करायची, ते आधी ठरव." मी चमकीचा विषय सोडला. मनातून सोडला असं मात्र म्हणणार नाही.

आधी बाबांच्या कोटाची पाळी आली. त्यांच्या मते जादूगार म्हणजे कोट, त्यात बाई काय आणि बाप्या काय. त्यांनी मला तो घालायला लावला, बाह्या दुमडल्या, कमरेला पट्टा आवळला आणि लांब जाऊन कौतुकानं पाहत बसले. आरशात मला शेतातलं बुजगावणं दिसत होतं. माय म्हणाली, आधी एक बँडवाला होता, आता बँडवाली आली, वरात काढायला हरकत नाही. शिवाय उन्हाळा असा, की कोट घालून मी पेटीपर्यंत पोचले तेव्हाच कपाळावरून पाणी गळत होतं.

मग साडी. मामाचं तोंड त्यानं आपोआप बंद झालं असतं. मायनं स्वतःची निळी साडी मला नेसवली आणि बाबा प्रेक्षक होऊन बसले. मी नाणं गायब केलं, ते म्हणाले, पदरात आहे. मी रुमाल गायब केला, ते म्हणाले, पदरात आहे. दोन्ही वेळा पदरात काही नव्हतं. मी पदर झटकून दाखवला तरी त्यांचं पालुपद सुटेना. मी चिडले. तेव्हा ते म्हणाले, मी काय म्हणतो ते सोड, बाळापूरच्या बाया काय म्हणतील ते बघ. ते खरंच होतं. ज्या बायांचे स्वतःचे पैसे, सुपारी, औषधाची गोळी, सगळं पदराच्या गाठीत असतं, त्यांना नाणं दुसरीकडं कुठं गेलं असेल हे पटवणं अवघड. साडीही बाद झाली.

राहिला पंजाबी ड्रेस. तो आमच्याकडं नवा नवा आलेला, शाळेतल्या सगळ्या पोरींना हवा असलेला. ओढणी मात्र दोन्ही खांद्यांना पिना लावूनच, अशी मायची अट. मी एकातून एक रुमाल काढायचा खेळ धरला आणि तिसऱ्या रुमालाला पिनेनं पकडलं. ओढा तर ओढणी फाटते, न ओढा तर रुमाल निघत नाही. बाबा हसून हसून खाली बसले. पिना काढते म्हटलं तर माय नाही म्हणाली. ओढणीच नको म्हटलं तर तिनं मशीन सुरू केलं.

एवढं झाल्यावर बाबांनी ठरवलं, की जे आहे त्यातून निवडण्यापेक्षा नवीन कापड आणावं. त्यांची ड्युटी तेव्हा जवळा बाजारच्या गाडीवर होती. बाजाराच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन गेले. गाडी लागली की परत सुटेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात आम्ही सगळा बाजार पालथा घातला. ताडपत्रीवर कापडाचे तागे मांडून एकजण बसला होता. त्यानं काळं साटीन उलगडलं आणि माझा जीवच अडकला त्यात. काय त्याची चमक होती! बाबांनी भाव पाडला, मी गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. त्या परतीच्या वाटेवर मी जेवढी सुखी होते तेवढी नंतर कितीदा झाले असेन, हे आता विचारत नाही.

मायनं कापड बोटांत चोळून पाहिलं. कापड नुसतं अंगाभोवती गुंडाळून मी अंगणात सराव केला. दुपारचं ऊन होतं. घाम आला आणि पांढरा रुमाल काढला तर तो काळा! साटीनचा रंग तळहाताला, मनगटाला, गळ्याला, सगळीकडं उतरला होता. जादूगाराचे हात आधी स्वच्छ दिसावे लागतात. उघडून दाखवायचे असतात ते. मी काळे हात घेऊन न्हाणीपाशी बसले आणि रडले. कपड्यासाठी रडत नव्हते. बाळापूर जवळ आलं होतं, आणि मला कळून चुकलं होतं, की माझ्या मापाचा जादूगाराचा कपडा मुळात कोणी शिवलेलाच नाही.

मायनं माझे हात रॉकेलच्या फडक्यानं पुसले, मग साबणानं धुतले. मग उठली आणि पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली.

त्या ट्रंकेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं लग्नात, बारशात, वास्तूला बाईला आहेर म्हणून झंपरपीस मिळतो, बाप्याला टोपी-टॉवेल. तो पीस कोणी शिवत नाही. तो ट्रंकेत जातो आणि पुढच्या लग्नात दुसरीला दिला जातो. ती तो तिसरीला देते. असे पीस वर्षानुवर्षं गावोगाव फिरत राहतात, एस्टीपेक्षा जास्त. यात एकच नियम पाळायचा: ज्या घरून पीस आला त्या घरी तो परत जाता कामा नये. गेला तर जन्माचा अबोला. म्हणून कोणता पीस कोणाचा हे मायला तोंडपाठ होतं. ती दिवसभर दुसऱ्यांचे झंपर शिवायची, पण ट्रंकेतला एकही पीस तिनं स्वतःसाठी कधी शिवला नव्हता. ते द्यायचे होते.

तिनं सगळे पीस पलंगावर पसरले. डाळिंबी, मोरपंखी, हळदी, अबोली, राणी, पोपटी. रुबिया, टू बाय टू, एखादा जरीच्या बुट्ट्यांचा. रंगांनी खोली भरून गेली. कात्री तिच्या हातात होती, पण ती बराच वेळ तशीच बसून राहिली. कापल्यावर तो पीस कोणाला देता येत नाही. शेवटी तिनं डाळिंबी उचलला आणि कापला.

पीस तो केवढा, त्यात अख्खा कपडा बसत नाही. म्हणून तिनं कळ्या काढल्या. वर निमुळत्या आणि खाली रुंद अशा लांब पट्ट्या, एकेका पिसाची एक, जोडून जोडून लांबवलेली. एक रंग, शिवण, दुसरा रंग, शिवण. गळा बंद, घोटा झाकेल एवढा घेर, आणि बाही कोपराच्या वर. बाही आखूड का, हे मी विचारलं तर म्हणाली, काहून म्हणजे, बाहीत लपवलं असं कोणी म्हणायला नको. ओढणीची तर गरजच राहिली नाही, वरून तिनं त्याच रंगांचं छोटं जाकीट शिवलं. आणि प्रत्येक शिवणीत, कळीच्या मागं, एकेक कप्पा. बाहेरून बोट घातल्याशिवाय दिसायचा नाही.

पाठीमागं एक कळी कमी पडली. पीस संपले होते. तिनं आपली पांढरी साडी काढली, विहारात जाताना नेसून नेसून मऊ झालेली, आणि तिच्या पदराजवळची पट्टी कापून तिथं लावली. त्या कळीमागंही कप्पा शिवायला लागली तेव्हा मी म्हणाले, तिथं माझा हात पोचणार नाही, कशाला शिवतेस? ती म्हणाली, "असू दे. एकच कळी बोडकी कशाला ठिवायची."

झगा घालून मी एक गिरकी घेतली. सगळे रंग उघडले आणि मिटले. बाबा दारात उभे होते. म्हणाले, रंगांकडं बघता बघता हातांकडं कोणाचं लक्षच जाणार नाही, म्हणजे निम्मी चलाखी तुझ्या मायनंच केली. मायनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पलंगावरच्या कातरणी गोळा करू लागली.

बाळापूरला विहारासमोर मांडव होता. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, पुढं लेकरं. थोरला मामा पहिल्या रांगेत खुर्चीवर, हाताची घडी घालून. माय बायांत मधोमध. बाबांनी आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं आणि खाली उतरले. वर मी एकटी.

नाणं गेलं, आलं. फाडलेला पेपर जुळला. टाळ्या पडल्या. मी गिरकी घेतली आणि बायांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. मला वाटलं कौतुक आहे. मग थोरल्या मामीचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "बाई, ती मोरपंखी पट्टी तर मी दिलेल्या पिसाची दिसती. पर ती मी तुमाला कवा दिली? मी तर शेजारच्या काकूला दिली व्हती."

शेजारची काकू तिथंच बसलेली. तिनं तो पीस मायला आहेरात दिला होता. आहेर फिरतो हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त तो फिरला हे कोणी कोणाच्या डोळ्यांसमोर धरत नाही. मी ते धरलं होतं, भर मांडवात, दिव्याच्या उजेडात, गिरकी घेऊन. आणि मायच्या ट्रंकेत सगळ्यात जास्त पीस आले होते ते तिच्या माहेराहूनच! परत कोणाला काय द्यायचं नाही हे तिला पाठ होतं. पण अंगावर घालून नाचवायचं नाही, हा नियम तिला माहीत नव्हता, कारण तशी वेळच कोणावर आली नव्हती.

आता सगळ्या बाया आपापला पीस शोधू लागल्या. पोपटी माझा. छे, पोपटी माझ्या लेकीच्या लग्नातला. एकीनं विचारलं, म्हणजे आमचे पीस तुमी शिवलेच न्हाईत का? काकू रडायच्या बेतात. मामा वळून बायांकडं पाहत होता. माय मान खाली घालून बसली होती, आणि तिचा चेहरा मला वरून दिसत नव्हता. मला एवढंच कळत होतं, की पेटी बंद होते आहे. मी पाहत असताना बंद होते आहे. बाबा कडेला उभे राहून हातानं खूण करत होते, की पुढं चल, पुढं चल.

मी पुढं गेले नाही, खाली उतरले. का उतरले ते आजही मला सांगता येत नाही. सरळ थोरल्या मामीपुढं जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "मामी, तुमचा आहेर कोणता? बोट लावा."

मामीनं रागातच मोरपंखी कळीला बोट लावलं. मी तिथूनच कागदी फूल काढलं आणि तिच्या हातात दिलं. मामी फुलाकडं पाहत राहिली. मग मी काकूला विचारलं, तुमचा कोणता? ती घाबरून म्हणाली, त्योच. मी त्याच कप्प्यातून दुसरं फूल काढलं. म्हणाले, ज्यांनी ज्यांनी दिला, त्या सगळ्यांचं यात हाय.

आधी एक म्हातारी हसली. मग हशा असा पसरला, की लेकरं उठून उभी राहिली. बाया बोट पुढं करू लागल्या. डाळिंबीतून रुमाल, हळदीतून नाणं, अबोलीतून रिबीन. आपलं नसलेल्या कळीलाही बायांनी बोटं लावली. कप्पे रिकामे होत आले तेव्हा बाबा मागून हळूच येऊन मला वस्तू पुरवू लागले. त्या दिवशी ते माझे मदतनीस झाले. कोणीतरी पाठीमागची पांढरी कळी पाहून विचारलं, ही कोणाची? कोणीच बोट लावलं नाही. मी मायकडं पाहिलं. ती म्हणाली, ते नुसतं जोड हाय.

खेळ संपल्यावर मामानं मला जवळ बोलावलं. झग्याचा घेर हातात धरून पाहिला. "माझा टावेल दिसत न्हाई कुठं," म्हणाला. मग थोडं थांबून, "पुढल्या साली एक पट्टी माझीबी लाव."

माय मामीशी बोलत होती, पण तिनं ते ऐकलं. कारण तिनं वळून मामाकडं पाहिलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी तो झगा घातला. गावोगाव, शाळांत, बाजारात. तो आमचा ठरलेला खेळच झाला. अनोळखी बायाही बोट लावायच्या, आणि खेळ झाल्यावर एखादी घरून पीस आणून द्यायची, की बाई, माझाही लाव. माय विरलेली कळी उसवून नवी लावायची. मामाच्या टॉवेलची पट्टी खरोखर लागली, निळ्या-पांढऱ्या चौकटीची. मी वाढले तसा झगा वाढला. माय प्रत्येक खेळाला यायची नाही, आली तर मागं बसायची. बोट तिनं कधी लावलं नाही. पांढऱ्या कळीच्या कप्प्यात मीही कधी काही ठेवलं नाही. हात पोचत नव्हता.

माझं लग्न झालं, मी हिंगोलीला आले. तोवर आमचा जिल्हाही वेगळा झाला होता. कोणी मनाई केली नाही, खरंच नाही. पण नोकरी, लेकरं, आणि घराघरांत टीव्ही. बोलावणी हळूहळू थांबली. बाबा गेले तेव्हा त्यांचा कोट मायनं कोणाला दिला नाही. दिवसातून कधीतरी अजूनही माझी बोटं आपोआप नाणं फिरवतात, भाजीवाल्यानं दिलेलं असेल, रिक्षावाल्यानं दिलेलं असेल. तो मांडव, ती पुढं आलेली बोटं, कडेला खूण करणारे बाबा, हे सगळं मला परत हवं असतं. दुसरं काही नको असतं असं नाही, पण ते सगळ्यात आधी हवं असतं. आता लग्नपत्रिकेवर आहेर आणू नये असं छापतात. पीस फिरायचे थांबले.

शेवटच्या हिवाळ्यात माय माझ्याकडं होती. किडनीचं दुखणं होतं, हातपाय सुजलेले. सकाळी तिची बाज मी अंगणात उन्हात टाकायची. एकदा ट्रंकेतले कपडे ऊन द्यायला बाहेर काढले, तेव्हा झगाही दोरीवर टाकला. माय पडल्या पडल्या पाहत होती. मग एकेक कळीकडं बघून सांगू लागली: हा थोरल्या भावजयीचा, मूळ तिचाच. हा काकूचा, गेली बिचारी. हा जवळ्याच्या त्या बाईचा, जिच्या म्हशीनं तुझं फूल खाल्लं. एकही चुकली नाही. त्यातल्या निम्म्याहून अधिक बाया राहिल्या नव्हत्या.

मला म्हणाली, घाल बरं एकदा. तो आता मला बसणार कुठला? मी नुसता अंगाशी धरला आणि तिच्यासमोर गिरकी घेतली. गिरकी अर्धी झाली तसं ती म्हणाली, थांब. मी तिच्याकडं पाठ करून थांबले. झग्याची पाठ मी माझ्या पाठीवर ओढून धरली होती. आणि मला तिचं बोट जाणवलं, सुजलेलं, हलकं, पांढऱ्या कळीवर.

"हा माझा. काढ बघू काय निघतंय."

मी झगा पुढं घेतला आणि कप्प्यात बोटं घातली. इतक्या वर्षांनीसुद्धा शिवण घट्ट होती. आत काही नव्हतं. ते मला आधीच माहीत होतं, तरी मी बोटं कप्प्याच्या तळापर्यंत नेली. माझ्या हातात त्या वेळी एखादं नाणं असतं, एखादी सुपारी असती, तरी मी ते काढून दाखवलं असतं. ती माझ्या हाताकडं पाहत होती. कंडक्टरची बायको ती, रिकामा हात लगेच ओळखायची.

"ठिवलं न्हाईस व्हय?"

"न्हाई, माय."

"मंग निघंल कसं," म्हणाली, आणि हसली. बाबा म्हणायचे अगदी तशाच सुरात. मग म्हणाली, झगा सावलीत टाक, रंग उडेल.

त्याच दिवशी दुपारी मी पांढऱ्या कागदाचं फूल केलं. हात थोडे विसरले होते, पाकळ्या पुन्हा पुन्हा कापाव्या लागल्या. ते कप्प्यात ठेवलं आणि झगा तिला दिसेल असा खुंटीला टांगला. रोज वाटायचं, आज म्हणेल, आज बोट लावेल. तिची बाज उन्हात टाकायची, आत घ्यायची. झग्याकडं ती पाहायची, पण पुन्हा काही म्हणाली नाही, आणि हिवाळा सरायच्या आत गेली. मी स्वतःहून काढून दाखवलं असतं तर चाललं असतं, हे आता सुचतं. पण खेळ तसा नव्हता. आधी समोरच्यानं बोट लावायचं असतं.

फूल अजून तिथंच आहे. मी काढलेलं नाही.